देवाच्या दारातली नोकरी

अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटी शहरात मॉर्मन पंथाच्या चर्चची एक व्यायामशाळा होती, डेझरेट जिम्नॅशियम नावाची. ती सर्वांसाठी खुली होती. तिथे इमारतीची देखभाल करणाऱ्या एका माणसाला सोळा वर्षांच्या नोकरीनंतर १९८१ मध्ये काढून टाकण्यात आलं. कामात चूक झाली म्हणून नव्हे. चर्चच्या मंदिरात प्रवेश मिळण्यासाठी सभासदाला जो दाखला लागतो, तो त्याला मिळवता आला नव्हता. दाखल्याच्या अटी कडक होत्या: प्रार्थनेला नेमाने हजेरी, मिळकतीचा दहावा हिस्सा चर्चला, आणि दारू-तंबाखूबरोबर चहा-कॉफीही वर्ज्य. माणूस कोर्टात गेला. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चर्चच्या बाजूने निकाल दिला आणि त्या निकालावर नऊही न्यायाधीशांचं एकमत होतं.

अमेरिकेच्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने वंश, वर्ण, धर्म, लिंग किंवा मूळ देश पाहून नोकरीत भेदभाव करायला बंदी घातली. मात्र धार्मिक संस्थांना एक सूट दिली: त्यांनी आपल्या धर्माचीच माणसं कामावर घेतली तरी चालेल. सुरुवातीला ही सूट संस्थेच्या धार्मिक कामांपुरती होती. १९७२ मध्ये ती सगळ्याच कामांना लागू झाली. पाद्र्याबरोबर हिशेबनीस, माळी आणि देखभाल कर्मचारीही तिच्यात आले. व्यायामशाळेच्या खटल्यात न्यायालयाने ही वाढवलेली सूट घटनेला धरून असल्याचं ठरवलं.

या खटल्यातलं न्यायमूर्ती विल्यम ब्रेनन यांचं स्वतंत्र मत मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, कारण नागरी हक्कांचा कैवारी म्हणून ओळखला जाणारा हा न्यायाधीश होता. नोकरी जाणाऱ्या माणसावर धर्माचं दडपण येतं, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केलं. तरीही चर्चची बाजू का घेतली? प्रत्येक नोकरी धार्मिक आहे की ऐहिक, हे कोर्टाने ठरवायचं म्हटलं, तर धर्म म्हणजे काय हेही कोर्टच ठरवू लागेल. शिवाय खटल्याच्या धास्तीने संस्था स्वतःच्या श्रद्धेची व्याख्या आखडती घेतील. म्हणून निदान नफा न कमावणाऱ्या संस्थांना तरी सरसकट सूट द्यावी, असं त्यांचं म्हणणं होतं.

आपल्याकडच्या माणसाला हा युक्तिवाद लगेच पटण्यासारखा आहे. नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात लंगरची भांडी घासणारा माणूस सेवा करत असतो, आणि ती सेवा त्याच्या धर्माच्या गाभ्यातली आहे. गाडगेबाबांनी तर आयुष्यभर खराटा हातात धरून झाडलोटीलाच भक्तीचा मान मिळवून दिला. मग झाडणं हे धार्मिक काम नव्हे, असं कोणत्या न्यायाधीशाने आणि कशाच्या आधारावर म्हणायचं?

एवढं मान्य करूनही मी त्या निकालाच्या विरुद्ध आहे. सेवेकरी स्वतःच्या ओढीने येतो आणि त्याचं घर त्या सेवेवर चालत नाही. पण संस्था जेव्हा दरमहा पगार देते, हजेरी मांडते, भविष्यनिर्वाह निधी कापते, तेव्हा ती मालक असते आणि समोरचा नोकर असतो. सोळा वर्षं पगारावर राबलेल्या माणसाला श्रद्धेच्या कारणाने बाहेर काढायचं असेल, तर त्या श्रद्धेचा त्याच्या कामाशी काय संबंध आहे, हे सांगण्याची जबाबदारी मालकावर यायला हवी. संबंध दाखवता आला तर खुशाल अट घालावी. पुजाऱ्याची त्या देवावर श्रद्धा असावी, मौलवीने इस्लाम मानावा, धर्मगुरूने चर्चची शिकवण पाळावी, हा आग्रह मला भेदभाव वाटत नाही. त्या कामाला ती गोष्ट लागतेच. मात्र जन्माची अट कोणत्याही कामाला लावता येऊ नये, अगदी गाभाऱ्यातल्या कामालाही नाही.

धर्मसंस्थांना दिलेली सूट कुठवर ताणली जाते, हे अमेरिकेतच पुढे दिसलं. मिशिगन राज्यातल्या एका ल्युथरन शाळेत चौथीला शिकवणाऱ्या शिक्षिकेला झोपेचा विकार जडला. उपचार घेऊन ती परत आली, तेव्हा शाळेने तिच्या जागी दुसरी व्यक्ती नेमली होती. अपंगांसाठीच्या कायद्याखाली दाद मागेन, असं तिने सांगितल्यावर तिला काढण्यात आलं. आपसातला वाद पंथाच्या आतच मिटवावा अशी आमची शिकवण आहे, ती तिने मोडली, असं चर्चचं म्हणणं. ती गणित शिकवायची, भाषा आणि विज्ञान शिकवायची. दिवसातला साधारण पाऊण तास धर्मशिक्षण आणि प्रार्थनेत जायचा. पण चर्चने तिला रीतसर सेवकपद दिलेलं होतं. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की अशा व्यक्तीच्या नेमणुकीत आणि बडतर्फीत सरकारने पडूच नये, आणि असा प्रश्न घड्याळ लावून सुटत नाही. २०२० मध्ये लॉस एंजेलिस परिसरातल्या दोन कॅथलिक शाळांच्या खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेलं. तिथल्या शिक्षिकांना असं कोणतंही पद नव्हतं. एकीची तक्रार वयावरून डावलल्याची होती, दुसरीची स्तनांच्या कर्करोगाचं कळवल्यावर कंत्राट न वाढवल्याची. दोघींना कोर्टाची दारं बंद झाली.

या शिक्षिकांनी देव मानला नाही, असं कोणीच म्हणत नव्हतं. मुद्दा आजाराचा होता, वयाचा होता. धर्माच्या रक्षणासाठी दिलेली सूट धर्माशी संबंध नसलेल्या वागणुकीला ढाल म्हणून वापरली गेली. हे मला अन्यायाचं वाटतं आणि ते तसंच म्हटलं पाहिजे.

जर्मनीने वेगळी वाट धरली, आणि तिथे प्रश्नाचा आकारही फार मोठा आहे. कॅथलिक चर्चची कारितास आणि प्रॉटेस्टंट चर्चची डियाकोनी या दोन संस्थांकडे मिळून दहा लाखांहून अधिक माणसं नोकरीला आहेत. रुग्णालयं, बालवाड्या, वृद्धाश्रम, व्यसनमुक्ती केंद्रं, सगळं त्यांत येतं, आणि खर्चाचा मोठा भाग आरोग्यविमा व सरकारी निधीतून भागतो. एखाद्या परिचारिकेला चर्च टाळून नोकरी शोधायची म्हटलं, तर तिच्या भागात दुसरं रुग्णालय असेलच असं नाही. चर्चने आपला कारभार आपण पाहावा, हा हक्क १९१९ च्या वायमार घटनेतून आजच्या जर्मन घटनेत आला आहे, त्यामुळे अनेक दशकं तिथली कोर्टं चर्चच्या अटींना फारसा हात लावत नसत.

ड्युसेलडॉर्फ शहरातल्या एका कॅथलिक रुग्णालयाच्या खटल्यापाशी मात्र थोडं थांबायला हवं. तिथल्या औषधवैद्यक विभागाचे प्रमुख डॉक्टर कॅथलिक होते. घटस्फोटानंतर त्यांनी नोंदणी पद्धतीने दुसरं लग्न केलं. पहिला विवाह चर्चने रद्द ठरवलेला नव्हता, म्हणून चर्चच्या दृष्टीने हे लग्न अवैध होतं. २००९ मध्ये त्यांना काढण्यात आलं. पण त्याच रुग्णालयात, त्याच दर्जाच्या पदांवर, कॅथलिक नसलेले डॉक्टरही होते. त्यांच्यापैकी कोणी पुन्हा लग्न केलं असतं, तर नोकरीला धक्का लागला नसता. म्हणजे हे पद सांभाळायला कॅथलिक विवाहनियम पाळावे लागतात, हे रुग्णालय स्वतःच मानत नव्हतं. २०१८ मध्ये युरोपीय न्यायालयाने यावर बोट ठेवलं: अशी अट त्या कामासाठी खरोखर आवश्यक, रास्त आणि समर्थनीय असली पाहिजे, आणि ती तशी आहे का हे कोर्टाने तपासायचं आहे. पुढच्या वर्षी जर्मनीच्या सर्वोच्च श्रम न्यायालयाने डॉक्टरांची बडतर्फी रद्द केली.

ब्रेनन यांच्या शंकेला मला इथे उत्तर मिळतं. कोर्टाला धर्मशास्त्रात शिरावं लागलं नाही. लग्न पवित्र आहे की नाही, यावर त्याने चकार शब्द काढला नाही. त्याने एवढंच विचारलं की तुमचा नियम तुम्ही सगळ्यांना सारखा लावता का. स्वतःच्या नियमाशी संस्था प्रामाणिक आहे का, हे पाहायला न्यायाधीशाला देव कळावा लागत नाही.

बदल केवळ कोर्टामुळे झाला नाही. जानेवारी २०२२ मध्ये कॅथलिक चर्चच्या सेवेतली १२५ माणसं एकत्र पुढे आली आणि आपण समलिंगी वा पारलिंगी आहोत, हे त्यांनी नावानिशी जाहीर केलं. नोकरी जाईल ही भीती त्यांतल्या कित्येकांनी वर्षानुवर्षं बाळगली होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात जर्मन बिशपांनी नोकरीचे नियम बदलले आणि कर्मचाऱ्याचं खासगी आयुष्य, लग्न, नाती यांवरून कारवाई होणार नाही असं ठरवलं. तरी वाद संपलेला नाही. वंशभेदविरोधी करारावर अहवाल लिहिण्यासाठी प्रॉटेस्टंट सभासदच हवा, अशी जाहिरात डियाकोनीने २०१२ मध्ये दिली होती. कोणत्याही पंथाच्या सभासद नसलेल्या एका अर्जदार बाईंना मुलाखतीलाही बोलावलं नाही. श्रम न्यायालयाने त्यांना भरपाई दिली, तर २०२५ मध्ये जर्मनीच्या घटना न्यायालयाने तो निकाल रद्द केला आणि चर्चच्या स्वायत्ततेला पुरेसं वजन दिलं गेलं नाही असं म्हटलं. संस्थेच्या वतीने जगासमोर बोलणारा माणूस संस्थेच्या श्रद्धेचा असावा, हे म्हणणं मलाही उडवून लावण्यासारखं वाटत नाही. अवघड प्रकरणं अशी मधल्या पट्ट्यातच असतात.

आता आपल्याकडे येऊ. भारतात प्रश्नाचं रूपच निराळं आहे, कारण इथे देवस्थानाच्या नोकरीत श्रद्धेआधी जन्म पाहिला गेला.

पंढरपूरचंच घ्या. विठ्ठल मंदिराचा कारभार बडव्यांकडे होता आणि देवाची सेवा सात सेवाधारी घराण्यांकडे. पूजा पुजाऱ्याने करायची, मंत्र बेणारींनी म्हणायचे, पूजेचं साहित्य आणि पाणी परिचारकांनी पुरवायचं. देवाला आरसा दाखवायचा तो डिंगऱ्यांनी. दिवटी धरायचे दिवटे, चांदीचा दंड घेऊन उभे राहायचे डांगे, पदं म्हणायचे हरिदास. रुक्मिणीमातेची सेवा उत्पातांकडे. पहाटेच्या काकड्यापासून रात्रीच्या शेजारतीपर्यंतचा दिवस असा घराण्याघराण्यांत वाटलेला होता. ही कामं मनापासून करणारी माणसं त्या घराण्यांत होऊन गेली, यात शंका नाही. पण हा हक्क वारशाचा होता आणि देवापुढच्या उत्पन्नाशी बांधलेला होता. बडव्यांमध्ये त्या उत्पन्नाचे लिलाव होत. ज्या संप्रदायात चोखामेळा, सावता माळी, जनाबाई यांचे अभंग गायल्याशिवाय दिवस उजाडत नाही, त्या संप्रदायाच्या देवाला आरसा दाखवण्यासाठी मात्र ठरावीक आडनावाच्या घरातच जन्मावं लागत होतं.

दलितांना हे मंदिर खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये दहा दिवस उपोषण करावं लागलं. ते दर्शनाचं झालं. सेवेचं दार उघडायला त्यानंतर आणखी ६७ वर्षं लागली. १९७३ च्या पंढरपूर मंदिरे कायद्याने वंशपरंपरागत हक्क रद्द केले, त्याविरुद्ध खटले चालले, आणि जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडव्यांचं अपील फेटाळलं. त्याच वर्षी मे महिन्यात मंदिर समितीने पुजारी नेमण्यासाठी जाहिरात दिली. पूजाविधी जाणणाऱ्या कोणत्याही जातीच्या स्त्री-पुरुषांनी अर्ज करावा, असं त्यात म्हटलं होतं. मुलाखतींना बायकाही आल्या. त्या जाहिरातीत श्रद्धा आणि विधीचं ज्ञान यांची अट कायम होती, फक्त जन्माची अट गळाली होती.

हा फरक बाबासाहेब आंबेडकरांनी फार आधी नेमका मांडला होता. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाच्या परिषदेसाठी त्यांनी लिहिलेलं, पण परिषदच रद्द झाल्याने द्यायचं राहून गेलेलं भाषण ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या नावाने प्रसिद्ध झालं. त्यात पौरोहित्याबद्दल स्पष्ट सूचना आहेत. पुरोहितपण नष्टच करावं. ते जमत नसेल तर निदान वंशपरंपरेने चालणारं पुरोहितपण बंद करावं. हिंदू म्हणवणाऱ्या कोणालाही पुरोहित होता यावं, त्यासाठी सरकारने परीक्षा घ्यावी आणि सनद द्यावी, सनद नसलेल्याने केलेला विधी कायद्याने ग्राह्य मानू नये. वैद्याला, वकिलाला, अभियंत्याला धंद्यात उतरण्याआधी आपलं ज्ञान सिद्ध करावं लागतं. पुरोहिताला तेवढं का नको, हा त्यांचा प्रश्न होता. ‘हिंदू म्हणवणाऱ्या’ ही अट त्यांनीही ठेवलीच होती.

चौदा वर्षांनी अमलात आलेल्या राज्यघटनेतही हीच रेघ सापडते. सोळावं कलम सरकारी नोकरीत समान संधी देतं. त्याच कलमाचं पाचवं उपकलम सांगतं की धार्मिक संस्थेच्या कारभाराशी संबंधित पदावर त्याच धर्माची किंवा पंथाची व्यक्ती असावी, असा कायदा असेल तर त्याला या कलमाची बाधा येणार नाही. सरकारी नियंत्रणाखालच्या देवस्थानांत हिंदू कर्मचारीच हवेत, असे काही राज्यांचे कायदे आहेत, त्यांना आधार इथे मिळतो. या उपकलमात धर्म आहे, पंथ आहे. जात नाही.

दक्षिणेतल्या खटल्यांनी ही रेघ हळूहळू गडद केली. तमिळनाडूने अर्चकांची, म्हणजे मंदिरातल्या पुजाऱ्यांची, वंशपरंपरा कायद्याने मोडली. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला आणि म्हटलं की अर्चक धार्मिक काम करतो, पण त्याची नेमणूक ही ऐहिक बाब आहे. मात्र आगमांनी, म्हणजे पूजाविधीच्या ग्रंथांनी, ठरवलेल्या पंथाबाहेरचा अर्चक नेमू नये, अशी पुस्तीही जोडली, आणि त्या फटीतून पुढची कित्येक वर्षं खटले येत राहिले. २००२ मध्ये एर्नाकुलम जिल्ह्यातल्या एका शिवमंदिराच्या प्रकरणात न्यायालयाने स्वच्छ सांगितलं की विधी आणि मंत्र जाणणारा योग्य माणूस पुजारी होऊ शकतो, तो ब्राह्मणच असला पाहिजे असं नाही. २०१७ मध्ये त्रावणकोर देवस्वम मंडळासाठी ३६ ब्राह्मणेतर पुजाऱ्यांची निवड झाली, त्यांत सहा दलित होते. २०२१ मध्ये तमिळनाडूत सरकारी प्रशिक्षण घेतलेल्या, निरनिराळ्या जातींच्या २४ अर्चकांना नेमणूकपत्रं मिळाली.

कागदावरचा विजय मंदिराच्या अंगणात किती तग धरतो, हे केरळमधल्या इरिंजालकुडाच्या कूडलमाणिक्यम मंदिरात २०२५ मध्ये दिसलं. तिथे देवासाठी हार ओवण्याचं पद असतं आणि परंपरेने ते वारियर समाजाकडे होतं. भरती मंडळाची परीक्षा देऊन एळवा समाजातला एक तरुण त्या पदावर रुजू झाला. मंदिरातले मुख्य पुरोहित असलेल्या तंत्री घराण्यांनी विधींना येणं थांबवलं. देवस्थानाने तरुणाला कार्यालयीन कामावर पाठवलं आणि थोड्याच दिवसांत त्याने नोकरी सोडली. तो हिंदू होता, भाविक होता, परीक्षा उत्तीर्ण होता. फुलं ओवणाऱ्या बोटांची जात तेवढी नडली. धर्माच्या स्वायत्ततेचं कितीही उदार तत्त्व मांडलं, तरी त्यात हे बसवता येणार नाही, आणि बसवूही नये.

अल्पसंख्य संस्थांनाही मी हाच न्याय लावेन. पश्चिम बंगालमधल्या मदरशांत शिक्षक नेमण्यासाठी राज्याने आयोग स्थापला. आमच्या संस्थेत शिक्षक आम्हीच निवडू, असं म्हणत काही मदरसे कोर्टात गेले. जानेवारी २०२० मध्ये न्यायमूर्ती अरुण मिश्रा आणि न्यायमूर्ती उदय लळित यांच्या खंडपीठाने आयोगाचा कायदा वैध ठरवला. धर्म आणि संस्कृती जपण्यासाठीचं शिक्षण असेल, तिथे त्या परंपरेत मुरलेला शिक्षक हवा हे रास्त आहे. गणित-विज्ञानासारख्या विषयांत मात्र गुणवत्तेलाच सर्वाधिक महत्त्व असावं, अशी मांडणी त्या निकालात आहे. कामाकडे बघून अट ठरवायची, ही दृष्टी मला योग्य वाटते.

महाराष्ट्रात हा प्रश्न ताजा आहे. जून २०२५ मध्ये शनिशिंगणापूरच्या देवस्थानाने १६७ कर्मचाऱ्यांना कामावरून काढलं, त्यांत ११४ मुस्लिम होते. बेशिस्त आणि गैरहजेरी हे कारण विश्वस्तांनी दिलं. मुस्लिम कर्मचारी नकोत, ही मागणी काही हिंदुत्ववादी संघटनांनी त्याआधीच लावून धरली होती. खरं कारण कोणतं, हे तपासायला जे साधन हवं तेच आपल्याकडे नाही. सोळावं कलम सरकारी नोकरीपुरतं आहे. अपंगत्वासारख्या काही बाबतींत वेगळे कायदे आहेत, पण खासगी नोकरीत धर्म किंवा जात पाहून डावललं, म्हणून दाद मागता येईल असा सर्वंकष कायदा देशात नाही. अमेरिकेत आणि जर्मनीत वाद सूट किती असावी याचा आहे. आपल्याकडे मूळ नियमच नाही, मग सुटीची सीमा कशी आखणार?

तसा कायदा होईपर्यंत निदान एक काम करता येण्यासारखं आहे. महाराष्ट्रातली बहुतेक देवस्थानं १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहेत आणि दरवर्षी हिशेब सादर करतात. त्याबरोबरच पगारी पदांची यादी मागवावी. कोणत्या पदाला श्रद्धेची अट आहे आणि का आहे, हे विश्वस्तांनी पदासमोर एका ओळीत लिहावं. पुजाऱ्यासमोर, कीर्तनकारासमोर ती ओळ सहज लिहिता येईल. पाण्याच्या टाकीवरच्या माणसासमोर, शेतीकामाच्या मजुरासमोर, संगणकावर देणगीच्या पावत्या फाडणाऱ्या मुलीसमोर काय लिहायचं, याचा विश्वस्तांना विचार करावा लागेल. जे लिहितील ते नोकरीच्या जाहिरातीत आधीच छापलेलं असावं आणि सगळ्यांना सारखं लागू असावं. यादीत नसलेली अट सोळा वर्षांनी कोणाच्या माथी मारता येणार नाही. आणि त्या यादीत जातीसाठी रकानाच नसावा.